काखेतला तामा आणि वाकांडाचा राजा

सुपरहिरोच्या सिनेमांत गाणी दोन जातींची असतात. काही कथेत राबतात, आणि काही नावांच्या पाट्या सरकायला लागल्या की वाजतात. मार्व्हलवाले पाट्यांनंतर एखादा तुकडा दाखवतात म्हणून पब्लिक बसून राहतं, तेवढाच या दुसऱ्या जातीला फायदा.

'ब्लॅक पँथर' (2018) घ्या. त्याचा गाण्यांचा अल्बम अमेरिकन रॅपर केंड्रिक लमारने जुळवला आणि तो आहेच दणदणीत. 'ऑल द स्टार्स' आमच्या लेकीला तोंडपाठ. पण त्यातली मोजकीच गाणी प्रत्यक्ष सिनेमात आहेत: कोरियातल्या बुसानच्या कॅसिनोत 'प्रे फॉर मी', मग गाड्यांच्या पाठलागात 'ऑप्स', आणि पाट्यांवर 'ऑल द स्टार्स'. बाकीची नुसती सिनेमाच्या नावावर.

मला वेड लावलं ते लुडविग योरान्सनच्या पार्श्वसंगीताने. माणूस स्वीडनचा, दिग्दर्शक रायन कूगलरचा कॉलेजपासूनचा दोस्त. सिनेमातला आफ्रिकी देश वाकांडा काल्पनिक, त्यामुळे घरबसल्या कॉम्प्युटरवर चार ठोके जुळवले असते तरी कोणी जाब विचारला नसता. हा गेला सेनेगलला आणि गायक बाबा माल यांच्या दौऱ्यात सोबत फिरला. विमान वाकांडात शिरतं तेव्हा अंगावर काटा आणणारा तो खडा आवाज बाबा मालांचाच.

तिथेच त्याला मसाम्बा डियोप भेटले, तामा वाजवणारे. तामा डमरूसारखा, मधे निमुळता. काखेत धरायचा आणि वाकड्या काठीने वाजवायचा. दोन्ही तोंडांना जोडणाऱ्या दोऱ्या काखेत आवळल्या की कातडं ताणलं जातं, सूर चढतो. सैल सोडल्या की उतरतो. मी भजनी मंडळात तबल्याला बसतो, डग्ग्यावर मनगट सरकवून सूर वाकवायची हाताला सवय आहे. तरी हे प्रकरण वेगळं. आपण आधी बोल तोंडाने म्हणतो, मग हाताने काढतो. तामावाला थेट बोलण्यातले चढउतारच वाद्यावर काढतो. योरान्सनने डियोपना सिनेमातल्या वाकांडाच्या राजाचं, म्हणजे नायकाचं, नावच वाजवायला सांगितलं. टि-चा-ला. हेडफोन लावून ऐका, एकदा कानाला सापडलं की सिनेमाभर तेच ऐकू येत राहतं.

खलनायक किलमाँगरला पश्चिम आफ्रिकेतल्या फुला लोकांची बासरी दिलीय. वादक फुंकता फुंकताच तिच्यात बोलतो, ओरडतो. मधुर वगैरे भानगड नाही, नुसती धाप आणि संताप. खाली हिपहॉपमधला ड्रम मशीनचा जाड बेस, कारण हा गडी वाढलाय अमेरिकेत, ओकलंडला. आफ्रिकेचं रक्त आणि अमेरिकेची गल्ली, दोन्ही एकाच सुरावटीत. संवादलेखकाला यासाठी पानभर लिहावं लागलं असतं!

2019 साली पार्श्वसंगीताचं ऑस्कर योरान्सनला मिळालं. 'ऑल द स्टार्स' नामांकनावरच थांबलं. पुढच्या भागात (2022) राजाचं काम केलेल्या दिवंगत चॅडविक बोसमनच्या आठवणीत रिहानाने 'लिफ्ट मी अप' गायलं. गाणं गोड, पण पुन्हा पाट्यांवरच. त्यालाही नामांकन मिळालं, आणि 2023 ला ऑस्कर नेलं कोणी? 'आरआरआर'मधल्या 'नाटू नाटू'ने. ते ऐन सिनेमात वाजतं, गोऱ्या साहेबांच्या पार्टीत, धुरळा उडवत. लेक रिहानाच्या बाजूने होती. मी 'नाटू नाटू'चे संगीतकार कीरवाणींच्या.