कुंभार्लीतला गेरू आणि तुरळचं कढत पाणी

जाहिरातीवर लिहिलं होतं, 'एका दिवसात ज्वालामुखी आणि गरम पाण्याचे झरे'. साताऱ्यातून पहाटे निघायचं, रात्री परत. वर लालभडक लाव्हा उसळतानाचा फोटो. तो बघून आईनं विचारलं, "ह्ये कुठं हाय आपल्याकडं?" म्हटलं, आई, आपण त्याच्यावरच राहतो. तिला काही ते पटलं नाही. पण खाली तुरळच्या कुंडाचं नाव वाचलं आणि तिचे गुडघे माझ्याआधी तयार झाले. दोन सीट बुक केल्या.

आमचं घर विहिरीवाल्यांचं. मूळ गाव खटाव तालुक्यात. अण्णा, म्हणजे माझे वडील, विहिरी खणायची ठेकेदारी करायचे. अंगणात यारीचे सुटे भाग, पहारी, घमेली, आणि जेवताना विषय एकच: आज किती परस, म्हणजे किती खोल झालं, मुरूम संपला का, मांजऱ्या, म्हणजे छिद्रांचा दगड लागला का, की नुसता काळा पाषाणच चाललाय. मी आता साताऱ्यात पतसंस्थेत आकडे जुळवते, पण दगड बघितला की हात अजून आपोआप पुढं जातो. त्यामुळे ही सफर आमच्यासाठी थोडी वेगळी होती, एवढंच सांगायचंय.

ट्रॅव्हलरमध्ये सगळ्या सीट भरलेल्या. गाईड पोरगेलासाच, भूशास्त्रात एमएस्सी झालेला. सगळे त्याला सर म्हणत होते, आई बाळा म्हणत होती. त्याच्या माइकमधून निम्मा वेळ नुसती खरखर यायची. गाडीतून खाली उतरला की मात्र फार छान बोलायचा.

उंब्रजवरून आत वळून चाफळमार्गे सडावाघापूरच्या पठारावर पहिला थांबा. पवनचक्क्या, बोचरा वारा, पायाखाली जांभा. पावसाळ्यात इथं उलट्या धबधब्याला गर्दी लोटते. आम्ही गेलो तेव्हा डिसेंबर होता, कड्यावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. जांभा म्हणजे काळ्याच दगडाची कुजून कुजून उरलेली टोपी, असं गाईडनं सांगितलं. उष्ण, दमट हवेत लाखो वर्षं दगड झिजत राहिला, त्यातली वाळूच्या जातीची द्रव्यं पाण्याबरोबर निघून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागं राहिलं. कास पठारावर आणि पाचगणीच्या टेबललँडवर हाच जांभा आहे. चहा घेतला, निघालो.

तेवढ्यात मागच्या सीटवरच्या एका पोरानं मुद्द्याचा प्रश्न विचारला, "पण ज्वालामुखीचं तोंड कुठंय?"

तोंड नाहीच. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या आसपास इथं लाव्हा आला तो डोंगराच्या शेंड्यातून नव्हे, जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून. आइसलँडमध्ये १७८३ साली लाकी नावाच्या ठिकाणी अशी सत्तावीस किलोमीटरची भेग फुटली होती, कित्येक महिने लाव्हा वाहत होता. आपल्याकडं ते प्रकरण त्याहून अवाढव्य, आणि एकदा होऊन थांबलं नाही. एक थर आला, थंड होऊन काळा दगड झाला, मग दुसरा. आज उरलाय तोच पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. त्याच सुमाराला डायनासोर संपले. त्यात उल्केचा हात किती आणि आपल्या लाव्ह्याचा किती, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत. आणि या थरांच्या एका मोठ्या गटाला जगभरचे भूशास्त्रज्ञ वाईच्या नावानं ओळखतात. त्याच्या पोटातल्या दोन थरांच्या संचांना आंबेनळी आणि महाबळेश्वर अशी नावं आहेत. वाईला माझी मावशी असते. तिला फोन करून सांगितलं तर म्हणाली, "बरं, मग येताना खारी बिस्किटं आण."

पाटणवरून कोयनानगर. शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या कडेला उभं राहिल्यावर ज्वालामुखीचा विषय आपोआप मागं पडला, कारण आईचं १९६७ सुरू झालं. ११ डिसेंबर, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. ती तेव्हा लहान, खटावात. फळीवरचे पितळी डबे एकामागून एक खाली आले, म्हणाली, आणि आजोबा बाहेर पळायच्या ऐवजी आधी बैल सोडायला धावले. भूकंप ६.३ रिश्टरचा होता. कोयनानगर पडलं, हजारो संसार उघड्यावर आले. धरणात पाणी भरल्यामुळे असे भूकंप होऊ शकतात हे जगाला शिकवणाऱ्या मोठ्या उदाहरणांत कोयनेचं नाव घेतात.

इथं गाईडनं जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. त्या भूकंपाचं मूळ आपल्या काळ्या दगडात नाहीच, त्याच्याही खालच्या ग्रॅनाइटमध्ये आहे. भूकंप जिथं होतो त्या खडकापर्यंत जाऊन बघावं म्हणून भूविज्ञान मंत्रालयानं कराडला खास प्रयोगशाळा काढली आणि कोयनेच्या बाजूला गोठण्याला तीन किलोमीटर खोल बोअर मारली. बोअर! आईचे कान टवकारले. "किती इंची?" तिनं लगेच विचारलं. गाईड हसला, पण उत्तर त्याच्याकडं नव्हतं. त्या बोअरला साधारण सव्वा किलोमीटर काळा दगड लागला आणि मग एकदम ग्रॅनाइट, मध्ये वाळू नाही, माती नाही. म्हणजे लाव्हा आला तेव्हा इथं उघडा कातळ होता आणि त्याच्यावरच तो पसरला. अण्णांनी आयुष्यात कधी काळ्या दगडाचा तळ बघितला नाही. इथं कुणीतरी बघितला तर.

आता कुंभार्ली. खरं सांगायचं तर अख्ख्या दिवसातला मला आवडलेला भाग म्हणजे घाटातल्या एका वळणावरची ती पंचवीस-तीस मिनिटं. रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथं गाडी कडेला घेतली. बाकीचे दरीकडं फोटो काढायला गेले. आई आणि मी कापाकडं तोंड करून उभ्या.

खाली घट्ट काळा पाषाण. त्याच्या वर जाल तसा रंग जांभळट, आणि दगडात छिद्रंच छिद्रं, काही रिकामी, काही पांढऱ्या-हिरवट खड्यांनी भरलेली. हा आमचा मांजऱ्या. लाव्ह्यातली वाफ आणि वायू वर येतात, वरचा भाग आधी थिजतो, बुडबुडे तिथंच अडकतात. नंतर लाखो वर्षं पाणी झिरपून त्या पोकळ्यांत खडे तयार होतात. अण्णांच्या खिशात असले खडे कायम असायचे, आम्हाला खेळायला द्यायचे. मांजऱ्या लागला की पाणी लागणार म्हणून घरात साखर वाटली जायची, ती याच छिद्रांमुळं आणि त्याच्या भेगांमुळं.

मांजऱ्याच्या वर वीतभर जाडीचा, विटेसारखा लाल पट्टा. गेरू. एक लाव्हा थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत मध्ये जो काळ गेला, त्यात वरचा दगड कुजून माती झाली. मग दुसरा लाव्हा तिच्यावर आला आणि तिला भाजून काढलं. गाईड हे सांगत होता आणि आई नखानं तो गेरू उकरत होती. "ह्यो लागला की तुझे अण्णा जेवायचे न्हाईत," ती म्हणाली. खरंय. गेरूला पाणी लागलं की तो फुगतो, विहिरीची कड ढासळते, आतून बांधकाम करावं लागतं, आणि ठेका ठरलेला असतो परसावर, त्यामुळे तो खर्च अंगावर. गाईडनं आजपर्यंत गेरू फक्त शास्त्राच्या बाजूनं बघितला होता. त्याची ही बाजू त्यानं मोबाइलमध्ये लिहून घेतली.

मग त्यानं गेरूच्या लगेच वर, पुढच्या थराच्या तळाशी बोट ठेवायला लावलं. तिथं उभ्या, करंगळीएवढ्या नळ्या होत्या, ओळीनं, पांढऱ्या खनिजानं भरलेल्या. गरम लाव्हा दमट जमिनीवर आला की तळातून वाफ वर घुसते, तिची ही वाट. काही नळ्यांचे शेंडे एका बाजूला वाकलेले. लाव्हा ज्या दिशेनं सरकत होता, त्या दिशेला वाकतात म्हणे. आईनं सगळ्या नळ्या चाचपून बघितल्या आणि हातानं दाखवलं, "म्हंजे हिकडून तिकडं ग्येला." गाईड म्हणाला, "आजी, बरोबर."

चिपळूणला जेवण. सुरमई बरी होती, सोलकढी पातळ. पुढं.

तुरळचं कुंड मुंबई-गोवा महामार्गाला लागूनच आहे, संगमेश्वर तालुक्यात. जवळच राजवाडी आणि आरवली इथंही गरम झरे आहेत. सिमेंटचं बांधकाम, बायकांची आणि पुरुषांची सोय वेगळी, हवेत किंचित गंधकाचा वास. झऱ्याच्या तोंडाशी पाणी साठ अंशांच्या आसपास असतं, तिथं हात घालू नका असं गाईड तीनदा सांगत होता आणि एका काकांनी चौथ्यांदा सांगायच्या आत घातलाच. आंघोळीच्या ठिकाणी ते सोसवेल इतकं निवतं. आई पायऱ्यांवर बसून गुडघ्यापर्यंत पाय सोडून बसली ती तासभर.

आणि इथंच जाहिरातीचा खोटेपणा उघडा पडला. ही गोष्ट गाईडनं स्वतःहून सांगितली याचं मला कौतुक वाटलं. या पाण्याच्या उष्णतेचा ज्वालामुखीशी काही संबंध नाही. आपला लाव्हा कधीचाच गार झालाय, साडेसहा कोटी वर्षं कुठलीच चूल तग धरत नाही. हे पाणी पावसाचंच. भेगांमधून ते खूप खोल जातं. खाली जाल तसं जमिनीचं तापमान वाढत जातं, जगभरचा सर्वसाधारण हिशोब किलोमीटरमागं पंचवीस-तीस अंशांचा. तिथं ते तापतं आणि दुसऱ्या एखाद्या भेगेतून झपाट्यानं वर येतं, निवायला वेळ मिळत नाही. वाटेत दगडातले क्षार विरघळून येतात, म्हणून चवीला मचूळ. सह्याद्रीला समांतर, पालघरपासून राजापूरपर्यंत कोकणात अशा झऱ्यांची रांगच आहे, कारण भेगाही तशाच उत्तर-दक्षिण गेल्यात. खेडजवळचं उन्हवरे त्यातलं सगळ्यात कढत, सत्तर अंशांच्या घरात.

एका बाईंना हे अजिबात रुचलं नाही. "मग एवढे पैसे कशाचे घेतले?" त्यांचं म्हणणं. मला उलट वाटतं, जाहिरातीवर हेच छापायला हवं: घाटावर विझलेली आग बघा आणि कोकणात न पेटवता तापलेलं पाणी. पण त्याला लाल फोटो कुठून आणणार.

एक तक्रार मात्र आहेच. परतीचा घाट अंधारात येतो, त्यामुळं जाताना जिथं थांबलो नाही ते सगळं कायमचं हुकतं. त्यापेक्षा महाबळेश्वरवरून आंबेनळी घाटानं पोलादपूरला उतरवलं आणि महाडजवळच्या सावच्या झऱ्यावर नेलं तर अंतरही आटोपशीर राहील आणि हजार-बाराशे मीटर जाडीचे थर एकापाठोपाठ एक बघायला मिळतील. गाईडला हे पटलं, पण मार्ग ठरवणारा तो नाही. जाणाऱ्यांनी पाऊस संपल्यावर ते फेब्रुवारीच्या दरम्यान जा. पावसाळ्यात कापांवर शेवाळ आणि झुडपं असतात, काही दिसत नाही, आणि उन्हाळ्यात कोकणात गरम पाण्यात बसण्याएवढा उत्साह कुणाला असतो.

साताऱ्यात उतरायला साडेदहा वाजले. बाकीचे रिक्षा शोधत होते आणि आई गाईडला आमच्या मळ्यातल्या विहिरीचा पत्ता समजावून देत होती. "घाटात रस्त्याकडंला बघतोस त्याच्यापेक्षा चांगलं हाय. यप्रिलात ये, पानी तळाला जातंय. वरनं खालपत्तोर समदं थर दिसत्यात. दोन जागी गेरू हाय." त्यानं विचारलं, आत उतरता येईल का. "पायऱ्या हायत की," आई म्हणाली, "पन बाळा, जेवून यायचं न्हाई. जेवायला घरी."