सामूगढ : तोफांची रांग तडकली

शहाजहानच्या गादीसाठी त्याचा थोरला मुलगा दारा शुकोह आणि औरंगजेब १६५८ मध्ये आग्र्याजवळ सामूगढला लढले, त्या लढाईचं छोटं मॉडेल मी करतोय. त्यातली, मागच्या वेळी दाखवलेली दाराची तोफांची रांग रविवारी सकाळी मधोमध फाटलेली सापडली. बेसला बोटभर भेग, चार मोठ्या तोफांची चाकं निखळलेली, त्यांना जोडणारी साखळी दोन जागी तुटलेली. तीन आठवड्यांचं काम! त्या दिवशी ब्रशला हात लावला नाही.

चूक मातीची. सामूगढचं मैदान यमुनेकाठचं, रेताड. मी मात्र हौसेनं शेतातली काळी माती फेविकॉलमध्ये कालवली. वाळली की ती कशी आकसते हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको, पण तिनं प्लायची कडही वर ओढली. भेगेत एमसील भरलं, तर दोन दिवसांत शेजारी दुसरी भेग. पीओपी लावलं, त्याचे पोपडे निघाले. शेवटी सगळं खरवडलं. आता पैठणहून आणलेली गोदावरीची वाळू पिठाच्या चाळणीनं दोनदा चाळून, फेविकॉल-पाणी निम्मं-निम्मं करून पातळ थरात दिली आहे. पाच दिवस झाले, केसाएवढीही रेघ नाही.

साखळी गुलमंडीतलीच घ्या, बेन्टेक्सची सगळ्यात बारीक. बहात्तराव्या स्केलला (खऱ्याच्या १/७२ आकाराला) तीच शोभते. हत्ती मात्र ऑनलाइन मागवू नका, माझ्या तिघांपैकी दोघांच्या सोंडा तुटून आल्या. तिसऱ्यावर औरंगजेबाच्या बाजूनं लढणाऱ्या त्याच्या धाकट्या भावाची, मुरादची अंबारी चढवली. लढाईत ती बाणांनी साळिंदरासारखी झाली होती, म्हणून टूथब्रशचे केस तापल्या सुईच्या भोकांत रोवले. एकोणचाळीस बाण! समोर त्याच्यावर चालून गेलेला दाराचा सरदार, केशरी वेशातला रामसिंह राठोड. संध्याकाळच्या उन्हात ते दोघं बघत बराच वेळ बसलो.

मोडक्या चार तोफा पुन्हा करायला घेतल्या होत्या, पण हे लिहितानाच थांबलो. ५ फेब्रुवारी १६५८ ला औरंगजेब आमच्याच शहरातून, तेव्हाच्या औरंगाबादेतून निघाला, १५ एप्रिलला उज्जैनजवळ धरमतला बादशाही फौजेच्या जसवंतसिंहाला हरवून चंबळेपर्यंत आला. दारानं धोलपूरजवळच्या, नदी ओलांडायच्या उथळ जागा तोफांनी अडवल्या होत्या. औरंगजेबानं दूरच्या भदावर मुलखाकडून नदी ओलांडली आणि दाराला आग्र्याकडे धावताना जड तोफा काठावरच सोडाव्या लागल्या. २९ मेच्या सामूगढला त्या नव्हत्याच! मग माझ्या रांगेत त्या कशाला?

त्यांचा वेगळा छोटा बेस करतो : चंबळेचा काठ, निखळलेली चाकं तशीच. काळ्या मातीची ढेकळं अजून टोपलीत आहेत, काठावरच्या बीहडाला, म्हणजे घळींना, तीच लावून बघतो.