इंग्लंडमध्ये नर्स म्हणून नोंदणी: परीक्षा नेमकी कशाची असते

इंग्लंडमध्ये नर्स म्हणून काम करायला नोकरीचे पत्र आणि व्हिसा पुरत नाही. नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल, म्हणजेच एनएमसी, या संस्थेच्या रजिस्टरवर नाव चढून पिन नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, हाती येईपर्यंत तिथे कोणीही नोंदणीकृत नर्स म्हणून काम करू शकत नाही. मिरजेच्या एका रुग्णालयात काही वर्षे स्टाफ नर्स म्हणून काम करून मी ही वाट धरली, आणि आता सांगली-कोल्हापूरकडच्या धाकट्या मैत्रिणी त्याबद्दल विचारतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा इंग्रजीचा असतो. इंग्रजी लागतेच, पण माझ्या अनुभवाने ही नोंदणी अडते ती दोन वेगळ्याच ठिकाणी. एक म्हणजे आपले नाव, आणि दुसरे म्हणजे रुग्णाशी बोलण्याची आपल्याला नसलेली सवय.

नावाचे आधी सांगते. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी येते, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी बहुतेक जणींनी लग्नाआधी, माहेरच्या नावाने केलेली असते. आणि पासपोर्टवर मात्र नवऱ्याचे नाव व सासरचे आडनाव असते. परदेशातल्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने या दोन वेगळ्या व्यक्ती ठरू शकतात. त्यातच नोंदणीची पडताळणी आपण हाताने नेऊन देण्याची सोय नाही, ती आपल्या राज्याच्या कौन्सिलने एनएमसीला थेट कळवावी लागते. म्हणून विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र, गरज पडल्यास राजपत्रातील (गॅझेटमधील) नावबदलाची प्रसिद्धी, आणि त्याआधारे कौन्सिलच्या दप्तरी दुरुस्ती, एवढे काम अर्ज भरण्यापूर्वी उरकून घ्यावे. परीक्षा उत्तीर्ण होऊनही केवळ या कारणाने खोळंबलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्या हुशारीचा त्या खोळंब्याशी काहीही संबंध नव्हता याचे मला आजही वाईट वाटते.

इंग्रजीसाठी आयईएलटीएस किंवा ओईटी यांपैकी एक परीक्षा चालते. आयईएलटीएसमध्ये वाचन, श्रवण आणि संभाषण यांत 7 आणि लेखनात 6.5 गुण लागतात. ओईटीमध्ये पहिल्या तिन्हींत बी आणि लेखनात सी प्लस. ओईटीचे प्रसंग रुग्णालयातलेच असतात, त्यामुळे वॉर्डात काम केलेल्या मुलीला ती अधिक जवळची वाटते असे माझे मत आहे.

त्यानंतरची सीबीटी ही संगणकावरची परीक्षा भारतातच देता येते. तिच्या पहिल्या भागात औषधमात्रेच्या गणिताचे 15 प्रश्न असतात आणि दुसऱ्या भागात नर्सिंगचे 100 बहुपर्यायी प्रश्न. गणित शाळकरी असते, पण सराव हवा. एक लिटर सलाईन आठ तासांत द्यायचे तर ताशी 125 मिली. सलाईनच्या नळीचे (सेटचे) 20 थेंब म्हणजे एक मिली असेल तर मिनिटाला 41.67, म्हणजे 42 थेंब. वॉर्डात आपण हे अंदाजाने, चाक फिरवून जुळवतो. इथे उत्तर आकड्यात द्यावे लागते.

खरी कसोटी ऑस्की या प्रात्यक्षिक परीक्षेची असते आणि ती इंग्लंडला पोहोचल्यावरच होते. तिच्यात दहा स्थानके, म्हणजे एकेक काम करून दाखवण्याची ठिकाणे, असतात. चार स्थानकांवर एकाच रुग्णाचे मूल्यमापन, काळजीचे नियोजन, प्रत्यक्ष कृती आणि शेवटचे हँडओव्हर (रुग्णाची माहिती देऊन त्याला पुढच्या नर्सकडे सोपवणे) करायचे असते. चार स्थानकांवर इंजेक्शन, जखमेचे ड्रेसिंग, सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबून ते चालू करण्याचा प्रयत्न) यांसारखी कौशल्ये तपासली जातात. उरलेल्या दोन ठिकाणी काही न बोलता लेखी उत्तरे द्यायची असतात. आपल्या मुलींचा हात या कामांत बसलेला असतो, तरीही अनेक जणी काही स्थानकांवर अनुत्तीर्ण होतात, आणि त्याचे कारण समजून घेतले पाहिजे.

औषध देण्याचे स्थानक घ्या. सुरुवातीला हात स्वच्छ करायचे, आपले नाव आणि हुद्दा सांगायचा, रुग्णाला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल ते विचारायचे. मग पूर्ण नाव आणि जन्मतारीख त्याच्याच तोंडून वदवून घ्यायची आणि मनगटावरच्या पट्टीशी व चार्टशी ताडून पाहायची. कशाची ॲलर्जी आहे का हे तोंडी विचारायचे, तेही चार्टवर लिहिलेले असले तरी. पुढे औषध, मात्रा, मार्ग, वेळ, डॉक्टरांची सही, गोळीची मुदत हे सारे पाहायचे, आणि पाहतो आहोत हे परीक्षकाला ऐकू जाईल असे बोलायचे. गोळी कशासाठी आहे ते रुग्णाला सांगून त्याची संमती घ्यायची, आणि ती त्याने गिळल्यावरच सही करायची. यातली कुठलीही गोष्ट अवघड नाही. पण एका पाळीत तीस-चाळीस रुग्ण सांभाळणाऱ्या सिस्टरला हे बोलायला वेळच मिळालेला नसतो; आपल्या वॉर्डात विचारपूस नातेवाइकांकडे होते, निर्णय डॉक्टर सांगतात, रुग्णाची अंगधुणी आणि भरवणे मावशी किंवा घरचे लोक करतात, आणि सिस्टर गप्प राहून भराभर काम संपवते. त्या गप्प राहण्यालाच आपण कार्यक्षमता मानत आलो. ऑस्कीत मात्र मनात केलेली तपासणी ही न केलेलीच धरली जाते, आणि ते मला पूर्णपणे रास्त वाटते, कारण चुकीच्या रुग्णाला चुकीचे औषध जाऊ नये यासाठी याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय नाही.

ही सवय पुस्तक वाचून लागत नाही. आमच्या निवासाच्या स्वयंपाकघरात आम्ही फ्रिजच्या दाराला औषधाचा चार्ट चिकटवला होता आणि उशीवर सीपीआर करत असू. एकीने रुग्ण व्हायचे, दुसरीने परीक्षक, आणि परीक्षक झालेलीने कोणतीही सवलत द्यायची नाही असा नेम होता. हातातल्या बांगड्या आणि घड्याळ सरावाच्या वेळीही काढून ठेवायचे, कारण तिथे कोपराखाली साध्या अंगठीखेरीज काही चालत नाही.

पहिली ऑस्की नोकरी सुरू झाल्यापासून बारा आठवड्यांच्या आत द्यावी लागते आणि आठ महिन्यांत नोंदणी व्हावी लागते, एका अर्जावर तीन संधी मिळतात. पिन येईपर्यंत पगार खालच्या बँडचा, म्हणजे खालच्या वेतनश्रेणीचा, असतो आणि औषधे स्वतंत्रपणे देता येत नाहीत. अनुभवी नर्सला हा काळ मनाला लागतो, पण तिथला वॉर्ड समजून घ्यायला तोच उपयोगी पडतो.

पैशांचे स्पष्ट सांगते. माझ्या माहितीनुसार अर्जाचे 140, सीबीटीचे 83, ऑस्कीचे 794 आणि नोंदणीचे 153 असे मिळून 1,170 पौंड एनएमसीचे शुल्क होते. भरण्याआधी चालू दर त्यांच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावा. अनेक रुग्णालये ऑस्कीचा आणि प्रवासाचा खर्च स्वतः उचलतात, मात्र ठरावीक मुदतीआधी नोकरी सोडल्यास तो परत मागतात, म्हणून करारातले ते कलम सही करण्यापूर्वी वाचावे. नोकरी मिळवून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेणे ब्रिटिश कायद्याला मान्य नाही. तरीही माझ्याकडे एका एजंटने लाखांत रक्कम मागितली होती, आणि मुलीच्या शिक्षणाचे कर्ज अजून फिटलेले नसताना असे पैसे उभे करण्यासाठी शेत गहाण ठेवणारी घरे मला माहीत आहेत. त्यांनी हे करू नये. रुग्णालयांच्या जागा एनएचएसच्या (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) संकेतस्थळावर उघडपणे जाहीर होतात, तिथे थेट अर्ज करता येतो, आणि ऑस्कीचे नमुना प्रसंग व सरावाचे साहित्यही परीक्षा केंद्रे विनामूल्य उपलब्ध करून देतात.