रायवळाखाली रेंज येते

२० एप्रिलला दुपारी पावणेचारला आमच्या गाडीच्या दाराबाहेर चार माणसं लाईन लावून उभी होती आणि सगळ्यात पुढच्या आजींनी ब्लाउजची बाही आधीच वर सरकवून ठेवली होती. मी आत चड्डी-टीशर्टमध्ये, मानेला ओला पंचा, मांडीवर लॅपटॉप. "काय गो बाय, डाक्टर हायत काय आत? बीपी बघायचाय."

गाडी पांढरी आहे आणि आधीच्या मालकाने तिला निळा पट्टा मारलाय, तो काढायला आम्ही दोन वर्षं पैसे वाचवतोय. त्यामुळे ती फिरता दवाखाना वाटते हे मला माहीत होतं. गुहागरला एकाने ब्लड बँक समजून रक्त द्यायची तयारी दाखवली होती. पण लाईन पहिल्यांदाच लागली.

तर आधी थोडक्यात. मी पुण्याची, अकाउंट्सचं काम करते, २३ क्लायंट आहेत, बहुतेक छोटे दुकानदार. नवरा ऑटोकॅडवर ड्रॉइंग्ज काढून देतो. भाड्याचा फ्लॅट सोडून जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, आत पलंग, ओटा, वर ३०० वॅटचं सोलर, खाली २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, आणि पावसाळा सोडून वर्षभर हिच्यातच राहतो. सरकारने २०२१ मध्ये कॅरावॅनसाठी धोरण वगैरे आणलंय पण कोकणात कुणाला कॅरावॅन म्हणून बघा, "म्हंजे कारवार का?" असं विचारतात. आम्ही आता नुसतं "घरगाडी" म्हणतो.

या खेपेला अलिबागवरून निघून आगरदांडा-दिघी, बागमांडले-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा चारही खाड्या फेरीबोटीने ओलांडत नऊ दिवसांत रत्नागिरी गाठली, त्या नऊ दिवसांत काय बघितलं विचाराल तर मला फक्त एक्सेल शीट आठवतात. मार्च एंडिंगनंतरचे दिवस ते. हरिहरेश्वरला समुद्राच्या अगदी तोंडाशी गाडी होती आणि मी पडदे लावून घेतले होते कारण स्क्रीनवर चमक येत होती. लोक फोटो बघून "तुमची मज्जा आहे" म्हणतात ना, तेव्हा मला हा पडदा आठवतो.

पावसपासून पूर्णगडचा पूल ओलांडला, गावखडी मागे टाकली की कशेळी, मग आडिवरे. कनकादित्याचं देऊळ बघायचं, एक दिवस थांबायचं, एवढाच प्लॅन होता. थांबलो सहा दिवस, आणि त्याचं कारण रेंज.

हा भाग ज्यांनी बघितलाय त्यांना कळेल. वर सडा, म्हणजे मैलोन् मैल काळा-तांबडा कातळ, झाड नावाला नाही. खाली उतारावर आणि खळाटीत, म्हणजे खालच्या सपाट जमिनीत, वाड्या, आंबा-फणस-माड, विहिरी, गारवा. रेंज वर. पाणी आणि सावली खाली. वर गाडी लावली तर सोलर मस्त चार्ज होतं पण आत आपण भाजून निघतो. खाली आंब्याखाली लावली तर जिवाला थंड वाटतं आणि बॅटरी संध्याकाळपर्यंत रडकुंडीला येते. युट्यूबवर अमेरिकेतले घरगाडीवाले सांगतात, अशा गाड्यांच्या पार्कमध्ये जा, ३० किंवा ५० अँपिअरचं कनेक्शन लावा, पाण्याचा पाइप जोडा, सांडपाण्याचा पाइप जोडा, बसा कामाला. कुणी कॅम्पग्राउंडची देखभाल करतं आणि त्या बदल्यात जागा फुकट मिळते, कुणी ऑक्टोबरमध्ये नॉर्थ डकोटा-मिनेसोटाकडे जाऊन शुगरबीटच्या हंगामात बारा-बारा तासांच्या पाळ्या करून पुढच्या महिन्यांची सोय करून ठेवतं. आमच्याकडे कनेक्शन म्हणजे कुणाच्या तरी पडवीतला प्लग, तोही आधी त्यांच्या मिक्सरचं झाल्यावर. आणि सांडपाण्याचं मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते की सुरुवातीच्या वर्षात एकदा आम्ही जे केलं त्याची अजून लाज वाटते आणि आता होमस्टेवाल्याला २०० रुपये जास्त देऊन त्याचा संडास वापरतो.

तर आम्ही दिवसा सड्यावर आणि रात्री वाडीत असं सुरू केलं. त्या सड्यावर कातळशिल्पं आहेत, कशेळीला तर एक अवाढव्य हत्ती कोरलाय आणि त्या हत्तीच्या आत बाकीचे प्राणी, मासे, पक्षी. २०२२ मध्ये कोकणातली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. कुणी कोरली, कशासाठी, धड कुणालाच माहीत नाही. त्या हत्तीपासून थोड्या अंतरावर गाडी लावून मी एका पेंटवाल्याचं जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर आधीच भरलेला टॅक्स, जुळवत होते. त्याच्या हिशेबात ४,१८० रुपयांचा फरक लागत होता. हजारो वर्षांनी माझं हे काम कुणी खणून काढलं तर त्यालाही हत्तीसारखंच कोडं पडेल.

आता २० तारीख. जीएसटीचं महिन्याचं थ्री-बी रिटर्न भरायचा शेवटचा दिवस. तिमाहीवाल्यांचं २२ ला असतं, पण १४ जण माझे महिन्याचे. चुकलं तर दिवसाला ५० रुपये लेट फी, आणि टॅक्स बाकी असेल तर त्यावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज, आणि ते क्लायंट भरत नाही, "मॅडम तुम्ही फिरत होतात ना" म्हणून माझ्या फीमधून कापतो. हे वाक्य मी आयुष्यात तीनदा ऐकलंय, तिन्ही वेळा मी फिरत नव्हते, एकदा तर पुण्यात डेंग्यूने पडले होते. फिरणाऱ्या माणसाला उशीर परवडत नाही. ऑफिसात बसलेल्याचा उशीर हा कामाचा उशीर असतो आणि आमचा उशीर म्हणजे चैन.

दुपारपर्यंत नऊ झाले. अडीचला वाडीतली लाईट गेली, त्याचं मला काही नव्हतं, आपलं सोलर आहे. पण सव्वातीनला टॉवरची बॅटरी संपली आणि फोनवरच्या सगळ्या दांड्या गेल्या. पाच रिटर्न बाकी. दोन सिम आहेत, दोन वेगळ्या कंपन्यांची, मुद्दाम तशी घेतलीत, आणि दोन्ही कंपन्यांची यंत्रं एकाच टॉवरवर आहेत हे मला त्या दिवशी कळलं. नवरा म्हणाला खाली जाऊ, सावलीत विचार करू. म्हणून आम्ही भर दुपारी वाडीत आलो, आणि लोकांना वाटलं दवाखाना आला.

मी आजींना सांगितलं, डॉक्टर नाहीये, मी हिशेब करते. बाकीचे तिघं हसून गेले. आजी गेल्या नाहीत. बाही खाली केली आणि फूटबोर्डवर बसल्या.

"हिशेब कुणाचा?"

"पुण्यातल्या दुकानदारांचा."

"दुकानं पुण्यात नि तू हितं?"

मग मी नेहमीचं भाषण दिलं. लॅपटॉप, इंटरनेट, ते बिलं फोनवर पाठवतात, मी इथून भरते, पैसे खात्यात येतात. हे भाषण मी बऱ्याच लोकांना दिलंय आणि पुढे ठरलेले प्रश्न येतात. परवडतं का. मुलं नाहीत का. रात्री भीती नाही वाटत का. आईवडील काय म्हणतात. आजी ऐकत होत्या, मध्येच त्यांनी कमरेची पिशवी चाचपली आणि म्हणाल्या,

"म्हंजे मनिआर्डर."

मी थांबलेच. नवरा पुढच्या सीटवर होता, तोही वळला.

"आमचा घरवाला परळला गिरणीत होता. तो तिकडं, आमी हितं. म्हयन्याच्या दहा-बारा तारखेला पोस्टमन यायचा. सगळी वाडी त्यावर चालायची. तुमचं तसंच, तुमी नुसतं फिरता."

दोन वर्षं मी डिजिटल नोमॅड, रिमोट वर्क असले शब्द वापरून माझ्या सख्ख्या काकाला समजावू शकले नाही, आणि ह्या बाईने एका शब्दात मला माझ्या जागी बसवलं. वर मला वाटायचं आम्ही काहीतरी नवीन करतोय. पोट एका गावात आणि राहणं दुसऱ्या गावात, हे कोकणाने गिरण्यांच्या काळापासून केलंय, फक्त तिथे माणूस जायचा आणि इथे रेंज जाते.

मनिऑर्डरच्या कुपनावर दोन ओळी लिहायला जागा असायची म्हणाल्या, त्यांना वाचता यायचं नाही, पोस्टमन मोठ्याने वाचायचा आणि शेजारणी ऐकायच्या, म्हणून घरवाला नुसतं "सर्व खुशाल" लिहायचा. ८२ च्या संपात ते पण थांबलं. तो परत आला तो आलाच.

मी मध्येच घड्याळ बघितलं असणार. "रेंज पायजे ना?" आजी उठल्या. "मंग वर कशाला जळत बसलीस? त्या रायवळाखाली येते. खाडीपलीकडनं. मुंबैचे फोन आमी तितंच घेतो."

त्यांच्या घरामागे एक जुनं रायवळ, म्हणजे बिनकलमी आंब्याचं झाड, खोड दोघांच्या कवेत न मावणारं. बुंध्याशी प्लास्टिकची खुर्ची कायमची ठेवलेली, तिचा एक पाय सुंभाने बांधलेला. बरोबर त्या खुर्चीत बसलं की दोन दांड्या. दोन पावलं डावीकडे सरकलं की शून्य. त्यांच्या खळ्यात गाडी लावायला आधी तिथली दोन टोपल्या सुपारी हलवावी लागली, ती त्यांच्या सुनेने काही न बोलता हलवली, म्हणजे बोलली नाही पण चेहऱ्यावर सगळं होतं आणि मला ते रास्तच वाटलं.

पावणेपाचला सुरू केलं. खुर्चीत मी, मांडीवर लॅपटॉप, वरून कच्चे रायवळ टपाटप पडतायत, एक कीबोर्डच्या बाजूला, एक डोक्यात. प्रत्येक रिटर्नला क्लायंटच्या फोनवर ओटीपी जातो, तो त्याने मला सांगायचा, दहा मिनिटांत. आणि एप्रिल म्हणजे लग्नाचा सिझन. साडीवाला मांडवात होता, मागे सनई, तो ओरडून आकडे सांगतोय आणि मी ओरडून परत म्हणतेय, आणि आजी शेजारी दगडावर बसून प्रत्येक आकडा पुटपुटतायत. चौथ्या आकड्याला त्याने चार म्हटलं का सात म्हटलं मला कळेना, आजी म्हणाल्या "सात म्हनला तो". सातच होता. शेवटचं रिटर्न रात्री साडेदहाला गेलं, डोक्याला टॉर्च लावून, डासांनी पाय फोडून काढले होते.

जेवण त्यांच्याकडेच झालं. कुळथाची पिठी, भात, सुकटाची चटणी. मी पैसे विचारले नाहीत, कारण आधीच्या वर्षी हेदवीत विचारले होते आणि त्या काकूंचं तोंड जे उतरलं ते मला विसरता येत नाही. पण न विचारणंही सोपं नसतं. मी दिवसभर रुपयांत मोजणारी बाई आहे, मला उधारी झोपू देत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजींनी पासबुक आणलं. त्यासाठीच कमरेची पिशवी चाचपत होत्या काल. आठवड्यापूर्वी बँकेत जाऊन छापून आणलेलं, पण वाचायला सुनेला द्यायचं नव्हतं. "मुंबैवरनं कवा आले तेवढं बघ."

मी बघितलं. श्रावणबाळ पेन्शनचे दीड हजार. पीएम-किसान योजनेचे दोन हजार. परत दीड हजार. बँकेने कापलेले थोडे. मुलाचे पैसे दिवाळीच्या आधीच्या महिन्यात आले होते, तीन हजार, त्यानंतर काही नाही. मी पान उलटून मागे गेले, पुढे आले, जसं काही दुसरीकडे सापडणार होतं.

क्लायंटला वाईट बातमी सांगायची मला सवय आहे. इथे मला सरळ सांगता आलं नाही, "ऑक्टोबरनंतर एंट्री दिसत नाहीये" असं ऑफिसातलं वाक्य तोंडातून गेलं. आजींना ते बरोबर कळलं.

"त्येच्या शेटनं दिलं नसतील," एवढंच म्हणाल्या आणि पासबुक पिशवीत घातलं.

नवऱ्याचे जानेवारीत दिलेल्या ड्रॉइंगचे ३८ हजार तेव्हा अडकलेले होते. छोट्या उद्योगाला ४५ दिवसांत पैसे द्यायलाच लागतात, २००६ चा कायदा आहे, मी माझ्या क्लायंट्सना तो दर महिन्याला ऐकवते. स्वतःच्या नवऱ्याच्या पार्टीला मात्र आम्ही "सर, जरा बघा ना" असं मेसेज टाकतो, कारण पुढचं काम पण तिथूनच यायचंय.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला आजी रायवळाखालच्या खुर्चीत बसून फोनवर बोलताना दिसल्या. मुलगाच होता. मोठमोठ्याने हसत होत्या. आंबा यंदा कमी आहे, सुपारी वाळतेय, हिशेब करणारी एक बाई गाडीत राहते, तिच्या डोक्यावर आंबा पडला. पैशांबद्दल एक शब्द नाही. मी दोरीवर पंचा वाळत घालत होते आणि उगाच तोच पंचा दोनदा झटकला.

त्यानंतर अजून चार दिवस तिथेच राहिलो. २२ ची तिमाहीवाल्यांची रिटर्नं खुर्चीतच भरली. सून तिसऱ्या दिवशी बोलायला लागली, मग थांबेचना, तिच्या बचत गटाची वही मी नीट करून दिली आणि तिने मला आमसुलं दिली, म्हणजे तो व्यवहार तरी पूर्ण झाला. निघताना आजी खिडकीशी आल्या. "तुजी मनिआर्डर आली काय?"

"नाही अजून."

"येईल."

पुढे विजयदुर्ग, देवगड, मालवण, गर्दी, पार्किंगवरून दोन भांडणं. नवऱ्याचे ३८ हजार वेंगुर्ल्यात असताना आले, १४ मे, ९० दिवस उलटून गेल्यावर. आधी डिझेल, मग मागचे दोन टायर, आणि मग मी आजींना फोन लावला. स्वीच ऑफ नाही, उचलत नाहीत असंही नाही, नुसतं संपर्कक्षेत्राच्या बाहेर. संध्याकाळी परत लावला, तेच. दुसऱ्या दिवशी अकराला लावते म्हटलं, मुंबईचा फोन यायची वेळ तीच, तेव्हा त्या खुर्चीत असतील.