मेइजी जिंगूच्या रानात

टोकियो, नोव्हेंबर

हाराजुकू स्टेशनची गर्दी मागे टाकून आज सम्राट मेइजींच्या देवस्थानाला, मेइजी जिंगूला गेले. तोरीच्या उंच लाकडी कमानीखालून आत शिरलं की वाटतं, हे रान टोकियोच्याही आधीचं असणार. प्रत्यक्षात सम्राट मेइजी १९१२ मध्ये वारले, त्यांच्या स्मरणार्थ हे देवस्थान १९२० मध्ये उभं राहिलं आणि देशभरातून भेट आलेली सुमारे एक लाख झाडं माणसांनी इथे हातानं लावली.

पंतप्रधान ओकुमा शिगेनोबू यांना निक्कोच्या देवस्थानासारखे भव्य सीडर हवे होते. म्युनिकला शिकलेले वनशास्त्रज्ञ होंडा सेइरोकू हटून बसले: शहराच्या धुरात ते तगणार नाहीत. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ओक, कापूर अशी रुंद पानांची सदाहरित झाडं निवडली आणि शंभरेक वर्षांत रान आपलं आपण वाढत राहील असा आराखडा केला. वाटेवरची पानं आजही झाडून परत झाडांखालीच टाकतात. लावणाऱ्यांना आपल्या हयातीत हे रान दिसणार नव्हतं, या विचारानं मन भरून आलं.

पण सम्राट मेइजींच्याच सरकारनं १९०६ पासून गावोगावची लहान देवस्थानं एकत्र करायचा सपाटा लावला होता. सुमारे ७०,००० देवस्थानं गेली आणि त्यांच्या देवराया तोडून लाकूड विकलं गेलं. वाकायामा प्रांतात मिनाकाता कुमागुसू त्याविरुद्ध उभे राहिले. बुरशी-शेवाळांचे अभ्यासक, लंडनला राहून आलेले. म्हणजे तेही नव्या विज्ञानाचेच. त्यापायी तुरुंगात गेले, तरी लिहीत राहिले. अखेर १९२० मध्येच वरिष्ठ सभागृहानं हे एकत्रीकरण निरुपयोगी ठरवलं. मेइजी जिंगू उभं राहिलं तेच वर्ष!

जपाननं परंपरा सांभाळून प्रगती केली, असं आपण फार सहज म्हणतो. कुठली परंपरा सांभाळायची हे सरकारनं ठरवलं, हे त्यात येत नाही. १८६८ मध्ये शिंतो हा जपानचा मूळ धर्म आणि बौद्ध धर्म हुकमानं वेगळे केले, तेव्हा शतकानुशतकं एकत्र पुजलेल्या किती मूर्ती फुटल्या! राजधानीत एक रान उगवत होतं आणि खेड्यांतली हजारो तुटत होती. मला या रानाचं मनापासून कौतुक आहे, म्हणूनच ती तुटलेली रानं विसरायची नाहीत.

आता वाकायामातल्या तानाबेला जायचं आहे. तिथल्या उपसागरातल्या काशिमा बेटावरचं रान मिनाकातांनी वाचवलं. १९२९ मध्ये सम्राट हिरोहितो ते बघायला आले, तेव्हा त्यांना माहिती द्यायला मिनाकाताच होते.