तुम्ही विचारलंत म्हणून: कमांड किती पाठ करायच्या?

‘किती कमांड पाठ केल्या म्हणजे सर्व्हर सांभाळता येतो?’ बी.एस्सी. आयटीच्या शेवटच्या वर्षातली मुलं मला हे विचारतात, हार्डवेअरच्या कामातून सिस्टिमकडे वळू पाहणारे इंजिनिअर विचारतात. अलीकडे लहान ऑफिसांतल्या अकाउंटंट ताईही विचारू लागल्या आहेत. संगणकातलं कळणारा एकमेव माणूस नोकरी सोडून गेलेला असतो आणि कोपऱ्यातलं लिनक्सचं (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम) मशीन त्यांच्या गळ्यात पडलेलं असतं. मुंबईतल्या अशाच लहान-मध्यम ऑफिसांचे सर्व्हर मी सांभाळते, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

कमांड म्हणजे टाइप करून मशीनला दिलेला हुकूम. इथे मी त्यांचे उच्चार लिहिते, टाइप मात्र इंग्रजी अक्षरांत करायच्या: ‘एलएस’ म्हणजे ls. आकडा मी सांगत नाही. त्याऐवजी एक भेद सांगते: काही कमांड पाहतात, काही बदलतात. ‘एलएस’, ‘डीएफ’, ‘डीयू’, ‘पीएस’, ‘लेस’, ‘ग्रेप’, ‘टेल’ या पाहणाऱ्या. कितीही वेळा चालवा, मशीनवरचं काही इकडचं तिकडे होत नाही. ‘आरएम’ (फाइल पुसणं), ‘एमव्ही’ (हलवणं), ‘सीएचमॉड’ (परवानगी बदलणं), ‘किल’ (प्रोग्रॅम थांबवणं) या बदलणाऱ्या. रोजच्या कामाचा बहुतेक वेळ पाहण्यातच जातो, आणि शिकवण्या मात्र बदलण्यापासून सुरू होतात: फोल्डर बनवा, फाइल हलवा, फाइल पुसा. मला हा क्रमच उलटा वाटतो. पाहणाऱ्या कमांड आधी शिका, बोटांत बसेपर्यंत शिका. बदलणाऱ्या थोड्याच लागतात, आणि त्या वेळेवर मॅन पेज, म्हणजे मशीनमध्येच असलेलं कमांडचं माहितीपत्रक, उघडून वाचल्या तरी चालतात.

मस्जिद बंदरच्या एका व्यापारी पेढीचं उदाहरण घेते. महिन्याची २० तारीख, जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं मासिक रिटर्न भरायचा शेवटचा दिवस, संध्याकाळची वेळ. फोन आला: ‘मॅडम, सॉफ्टवेअर उघडतच नाही. सर्व्हर बंद करून चालू करू का?’ मी म्हटलं, पाच मिनिटं थांबा, काही करू नका. आत जाऊन डिस्क किती भरली ते सांगणारं ‘डीएफ -एच’ चालवलं. डिस्क १०० टक्के भरलेली. मग कुठल्या फोल्डरने किती जागा घेतली ते ‘डीयू’ने मोजलं, तर सगळं मिळून डिस्कच्या निम्म्यापर्यंतही जात नव्हतं. एक कमांड म्हणते डिस्क भरली, दुसरी म्हणते अर्धी रिकामी. नवखा माणूस इथे गोंधळतो, पण दोन्ही कमांड खरंच सांगत असतात.

लिनक्समध्ये फाइलचं नाव आणि फाइलमधला मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘आरएम’ फक्त नाव काढून टाकतं. मजकुराची जागा मोकळी होते ती त्या मजकुराकडे जाणारं शेवटचं नाव गेल्यावर, आणि ज्या प्रोग्रॅमने फाइल उघडून ठेवली आहे त्याने ती सोडल्यावर. ‘डीयू’ नावांच्या मागे जाऊन मोजतं, त्यामुळे नाव गेलेली फाइल त्याला दिसत नाही. ‘डीएफ’ थेट फाइल सिस्टिमचा, म्हणजे डिस्कवरची जागा वाटणाऱ्या व्यवस्थेचा, हिशेब सांगतं. पेढीत दुपारी कोणीतरी जागा करायला म्हणून मोठी लॉग फाइल, म्हणजे प्रोग्रॅमने आपल्या घडामोडी लिहून ठेवायची नोंदवही, पुसली होती. हेतू चांगला होता, पण ज्या सेवेची (मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमची) ती लॉग होती ती सेवा चालूच राहिली आणि त्या बिननावाच्या फाइलमध्ये लिहीतच राहिली. ‘एलएसओएफ +एल१’ अशा फाइलींची यादी देतं. त्यात ती पहिल्याच ओळीला दिसली. ‘सिस्टिमसीटीएल’ने तेवढी एकच सेवा पुन्हा सुरू केली, जागा सुटली, रिटर्न भरलं गेलं.

सर्व्हर रीस्टार्ट केला असता तरी जागा सुटली असती, हे मला मान्य आहे. पण लॉग एवढी फुगली का, हे कळलंच नसतं आणि पुढच्या महिन्यात तोच फोन आला असता. राहिलेल्या लॉगमध्ये ‘ग्रेप’ने शोधलं तेव्हा एकच तक्रार दर सेकंदाला दिसली: बॅकअपची डिस्क सापडत नाही. केबल निघालेली होती. केबल बसवली, ‘लॉगरोटेट’ लावलं, म्हणजे जुनी लॉग ठरल्या वेळी आपोआप बाजूला होऊन आकाराने लहान (कॉम्प्रेस) करून ठेवली जाते. आणि चालू लॉग कधी रिकामी करावीच लागली तर पुसू नका, ‘ट्रंकेट -एस ०’ वापरा. नाव राहतं, मजकूर जातो, जागा लगेच मिळते.

या सगळ्यात अवघड अशी एकही कमांड नव्हती. एकीचं उत्तर दुसरीशी ताडून पाहायचं होतं, इतकंच. लिनक्स ज्या युनिक्सच्या धर्तीवर बनलं त्याची घडणच त्यासाठी आहे. युनिक्स जिथे घडलं त्या अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेच्या डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच लिहून ठेवलं होतं की बागेतल्या पाण्याच्या नळ्या जोडतो तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यायला हवेत. १९७३ मध्ये त्यांचे तिथलेच सहकारी केन थॉम्प्सन यांनी ते युनिक्समध्ये आणलं, तोच आपला पाइप: एका कमांडचं उत्तर थेट दुसरीला देणारी उभी रेघ. ‘डीयू -एसएच *’च्या पुढे उभी रेघ देऊन ‘सॉर्ट -एच’, पुन्हा रेघ देऊन ‘टेल’. कुठलं फोल्डर सगळ्यात मोठं, हे एका ओळीत समोर येतं. पाहणाऱ्या कमांड चांगल्या याव्यात म्हणते ते यासाठी. त्या सुट्या सुट्या येत असल्या तरी जोडल्यावर त्यांची ताकद कितीतरी वाढते.

मराठीत काम करणाऱ्यांना एक अडचण हमखास येते. ती कुठल्या क्लासात शिकवलेली मी पाहिली नाही, म्हणून इथे लिहिते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या कागदपत्रांची नावं लांबलचक असतात: वर्ष, संस्थेचं पूर्ण नाव, ‘वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त’, त्यापुढे ‘अंतिम सुधारित’. विंडोजवर या फाइली मजेत राहतात आणि लिनक्सच्या सर्व्हरवर नेताना ‘नाव फार लांब’ म्हणून अडतात. कारण असं, की विंडोज सहसा २५५ चिन्हं मोजतं, आणि लिनक्सची नेहमीची ईएक्सटी४ फाइल सिस्टिम २५५ बाइट. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं धरली जातात. ‘डोंबिवली’ डोळ्यांना चार अक्षरं दिसतात. ‘इको -एन डोंबिवली’ पाइपने चिन्हं मोजणाऱ्या ‘डब्ल्यूसी -एम’ला द्या, उत्तर ८ येईल, बाइट मोजणारं ‘-सी’ द्या, २४ येईल. म्हणजे अख्खं नाव देवनागरीत असेल तर साधारण ८५ चिन्हांवर मर्यादा संपते. एवढं कळलं की फाइली खराब झाल्या, डिस्क बिघडली असल्या शंका उरत नाहीत. मराठी नावं सोडा, असं मी कोणालाही सांगत नाही. नाव आटोपशीर ठेवा आणि कमांडमध्ये ते अवतरणचिन्हांत घाला, कारण मधली मोकळी जागा दिसली की शेल, म्हणजे आपली कमांड वाचणारा प्रोग्रॅम, एका नावाची दोन नावं करतं.

वेळेचंही तसंच. बरेचसे सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतात आणि मुंबई त्यांच्या साडेपाच तास पुढे असते. सकाळी ९:१५ ला शेअर बाजार उघडतो, ब्रोकरच्या ऑफिसातून तक्रार येते, आणि लॉगमध्ये ९:१५ ची नोंद शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही. ती नोंद ०३:४५ ला असते. ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या क्रॉनमध्ये ‘रात्री दोनचा’ म्हणून लावलेला बॅकअप खरा सुरू होतो सकाळी साडेसातला आणि लांबला तर कामाच्या वेळेत घुसतो. कुठल्याही नव्या मशीनवर गेल्यावर ‘हूॲमआय’, ‘होस्टनेम’, ‘पीडब्ल्यूडी’ आणि ‘डेट’ या चार कमांड आधी चालवा. मी कोण, कुठल्या मशीनवर, कुठल्या फोल्डरमध्ये, आणि इथे किती वाजलेत? चार खिडक्या उघड्या असताना चुकीच्या मशीनवर दिलेली बरोबर कमांड फार महागात पडते.

‘आता सगळं ब्राऊझरमधून होतं, मग हे कशाला?’ असंही विचारलं जातं. मी डोंबिवलीहून येते-जाते. पावसाळ्यात गाड्या रखडल्या की ऑफिस गाठता येईलच असं नाही, आणि नेटवर्क इतकं अशक्त असतं की कंट्रोल पॅनेलचं पान अर्धवट उघडून थांबतं. लांबून सर्व्हरवर कमांड चालवायला एसएसएच वापरतात, त्याला फक्त अक्षरं न्यायची-आणायची असतात. तेवढ्या रेंजमध्येही ते चालतं. बाहेरून असं आत शिरणं सुरक्षित का, तर एसएसएच जन्मलं तेच त्यासाठी. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले, त्यानंतर टाटू युलोनेन यांनी ते लिहिलं. पासवर्डऐवजी की, म्हणजे किल्लीसारखी वापरायची फाइल, वापरा आणि खाजगी कीची परवानगी ६०० ठेवा, म्हणजे ती फक्त मालकाला वाचता-बदलता येते. ती इतरांना वाचता येत असेल तर एसएसएच ती की वापरायलाच नकार देतं. मुंब्र्याजवळ रेंज गेली की जोडणी तुटते आणि तुमचं अर्धवट चाललेलं कामही सहसा तिच्याबरोबर मरतं. म्हणून लांबणारं काम नेहमी ‘टीमक्स’मध्ये सुरू करा. ते सर्व्हरवर चालत राहतं, ठाण्याला पुन्हा जोडलं की जसंच्या तसं समोर येतं.

आता बदलणाऱ्या कमांड. ‘आरएम’ला जो नमुना देणार, तोच आधी ‘एलएस’ला द्या आणि आलेली यादी खरोखर वाचा. फाइलींची नक्कल करणारं ‘आरसिंक’ आधी ‘-एन’ लावून चालवा. काय करणार ते सांगतं, करत काहीच नाही. ‘किल’ आधी साधं द्या, म्हणजे प्रोग्रॅमला आवराआवर करायला वेळ मिळतो. ‘-९’ तो वेळच देत नाही, डेटाबेसला तर अगदी शेवटचा उपाय म्हणूनच. क्रॉनचं वेळापत्रक दाखवणाऱ्या ‘क्रॉनटॅब -एल’चं उत्तर फाइलमध्ये ठेवल्याशिवाय ते बदलणाऱ्या ‘क्रॉनटॅब -ई’ला हात लावू नका, कारण कीबोर्डवर ई-शेजारीच आर आहे आणि ‘-आर’ न विचारता सगळं वेळापत्रक पुसतं. ‘सीएचमॉड ७७७’, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, कोणी सुचवलं तर करू नका. त्याने अडलेलं काम चालू होतं हे खरं, पण त्या मशीनवरच्या प्रत्येकाला ती फाइल बदलता येते.

एआयला विचारून कमांड घ्यायला माझी हरकत नाही. मीही विचारते. मात्र मिळालेल्या ओळीतला प्रत्येक पर्याय मॅन पेजवर पाहिल्याशिवाय ती ग्राहकाच्या मशीनवर चालवत नाही. ती ओळ लिहिणाऱ्याला आपल्या डिस्कवर काय आहे ते दिसलेलं नसतं. आपण पाहिलेलं असतं.

सरावाला खर्च नाही. विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल फुकट आहे. हातात खरं मशीन हवं असेल तर मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारात जुना लॅपटॉप बघा, त्यावर लिनक्स टाका आणि महिनाभर ‘/व्हार/लॉग’ या लॉगच्या फोल्डरमध्ये रोज काय नवं आलं ते वाचा. सोबत एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा: तारीख, मशीन, कमांड, ती का चालवली आणि काय दिसलं. मी नवीन माणूस कामावर घेते तेव्हा प्रमाणपत्राच्या आधी ही फाइल मागते.