सुट्टीचा चौथा दिवस

आज घरातील कोणी उठण्यापूर्वीच मी तबेल्यात जाऊन आले.

आम्ही भावंडे वर्षातून एकदाच एकत्र येतो, आणि वडिलांनी यापुढे कोणाकडे राहायचे हा विषय कोणी उघडपणे काढला नाही, तरी पहिल्या संध्याकाळपासून तो प्रत्येक बोलण्याच्या आड उभा असतो. काल रात्री दादा त्याच्या आसपास बराच वेळ बोलत राहिला. मी हसतमुखाने ऐकून घेतले, आणि त्याला द्यायची राहिलेली सगळी उत्तरे अंथरुणावर पडल्यावर छताला दिली.

हसतमुखाने ऐकून घेणे ही आमच्या घराची जुनी विद्या आहे. घोडीपुढे मात्र ती चालत नाही. मी आत शिरताच तिने वैरणीतून मान वर केली, कान मागे पाडले आणि ती भिंतीकडे सरकली. आवाज मी गोड ठेवला होता, पण माझे खांदे वर चढलेले होते आणि पावले भराभर पडत होती. ज्या प्राण्याचे पूर्वज शिकाऱ्यापासून पळूनच जगले, त्याला शब्दांपेक्षा याच खुणा आधी कळतात.

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेला स्वीडनमधील एक प्रयोग मला अशा वेळी हटकून आठवतो. लोकांना घोडा धरून ठरलेल्या वाटेने फेऱ्या मारायला सांगितले होते, आणि शेवटच्या फेरीआधी सूचना दिली होती की आता वाटेत एक छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी त्या फेरीत माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि छत्रीविषयी काहीच ठाऊक नसलेल्या घोड्याचेही वाढले. आमच्या घरी अशी न उघडलेली छत्री गेले चार दिवस बैठकीच्या खोलीत आहे, आणि काहीही न सांगितलेली मुलेसुद्धा त्यामुळेच चिडचिडी झाली असावीत.

मी दाराशीच थांबून श्वास सावकाश सोडत राहिले. स्वस्थ उभ्या असलेल्या घोड्याच्या हृदयाचे मिनिटाला साधारण २८ ते ४४ ठोके पडतात. त्या गतीपर्यंत मी पोहोचणार नव्हते, पण तिने पुन्हा वैरणीत तोंड घातले तेव्हा जवळ जाण्याइतकी निवळले होते. मग खरारा घेतला. मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्यावर घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात, आणि तिथे घासल्यास त्यांचे ठोके मंदावतात, हे मोजून पाहिलेले आहे. थोड्या वेळाने तिचा खालचा ओठ सैल पडला आणि तिने एका मागच्या पायावरचा भार काढून घेतला.

घोडे माणसाला बरे करतात असे कोणी म्हणाले, की मला तिच्या वतीने संकोच वाटतो. ती उपचार करत नव्हती, खाजवून घेत होती. माझ्यापुरते कारण आणखी साधे आहे: चारशे किलोंहून जड जनावराचा खूर मांडीवर घेऊन त्यातली माती काढत असताना, दादाला काय उत्तर द्यावे याची उजळणी करता येत नाही. केलीच, तर ती पाय ओढून घेते. आज तिने दोनदा ओढून घेतला.

साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये असे म्हणतात. खरे तर घोड्याला अगदी कपाळासमोरचेही दिसत नाही, म्हणून त्याच्याकडे कडेने, खांद्याच्या रोखाने जावे लागते.

परत आले तेव्हा दादा पायरीवर एकटाच बसला होता. त्याचेही खांदे वर चढलेले होते. समोर उभे न राहता मी त्याच्या बाजूला बसले, कपड्यांना येणाऱ्या लिदीच्या वासाबद्दल तो काहीतरी पुटपुटला, आणि मग बाबांचा विषय मीच काढला. तो बराच वेळ गप्प राहिला. त्याने बोलायला सुरुवात केली तोच आत मुले उठली, आणि बाकीचे उद्यावर राहिले.